दुसऱ्या शर्टावरचा रफू

त्या दिवशी रफूवाली घरातून निघाली ती फक्त बटणांचं एक पाकीट आणायला. सकाळचे पावणेदहा झाले असतील. लख्ख ऊन होतं. जिना उतरताना तिने कठड्याला हात घातला आणि हात सरळ हवेतून गेला. कठडा होता, नव्हता असं नाही, पण चार बोटं खाली होता. वरचा होता तो नुसता दिसत होता.

पडली नाही, नशीब म्हणायचं. पायरीवर बसली, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. दोन कठडे. दोन दारं. भिंतीवरची पत्रपेटी, तीही दोन. एक जागच्या जागी, आणि दुसरी तिच्या जरा वर, उजवीकडे, किंचित कललेली. एक डोळा झाकला की वरचं सगळं गुल. हात काढला की परत हजर. बाईने तोंडातून ब्र काढला नाही. बटणं आणली, घरी आली आणि एक डोळा मिटून कामाला बसली.

तिला नावाने कुणी हाक मारतच नसे. अडतीस वर्षं ती लोकांचे फाटके कपडे असे सांधत आली होती की फाटलं कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, सुईत घ्यायचे आणि विणीत वीण मिळवायची. हे काम तिला मावशीने शिकवलं. मावशीची एक सवयही त्याबरोबर हाताला लागली होती, शेवटचा टाका उलटा घालायची. का, ते मावशीने सांगितलं नाही, हिने विचारलं नाही. पण हजार कपड्यांत आपला रफू ती नुसत्या बोटाने ओळखायची.

नवरा खिडक्यांना काचा बसवायचा, म्हणून ते काचवाले. अंगाला कायम पुट्टीचा आणि जवसाच्या तेलाचा वास. पासष्टी आली तरी शिडी सुटत नव्हती आणि तोंडाचा पट्टा तर त्याहून नाही. चार दिवस तिने त्यांच्यापासून लपवलं. पाचव्या दिवशी तिने चहा ओतला तो कपाच्या शेजारी, थेट टेबलावर. काचवाले बघत होते.

"हा दुसरा कप कुणाला भरतेयस?" त्यांनी विचारलं. पाहुणा आलाय का, आपल्याला कसा दिसत नाही, असंही काहीतरी पुढे म्हणणार होते. पण तिचा चेहरा पाहिला आणि त्यांचा पट्टा बंद पडला. त्यांनी फडकं घेतलं, टेबल पुसलं, खुर्ची ओढून तिच्या जवळ बसले.

"किती दिवस झाले?"

"चार."

"अगं वेडे," ते म्हणाले आणि तिचा हात हातात घेऊन बसून राहिले. तिला रडू आलं ते तेव्हा. तोवर आलं नव्हतं.

मग लेक धावत आली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि स्वभावाने अशी की एकदा पदर खोचला की मागे हटायची नाही. चष्मेवाल्याने नंबर बदलून दिला, तर दोन्ही कठडे आणखी स्वच्छ दिसायला लागले. घरच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हटलं, गोळ्या दिल्या. साखर तपासली, रक्तदाब तपासला. मेंदूच्या डॉक्टरांनी तिला एका घरघरणाऱ्या नळकांड्यात अर्धा तास झोपवलं. सगळं ठीक. रिपोर्ट इतके चांगले आले की काचवाले म्हणाले, आण इकडे, काच लावून भिंतीवर टांगतो. लेक हसली नाही. फाइल जाड होत चालली होती आणि फाइलमध्ये उत्तर सोडून सगळं होतं.

इतकं होईपर्यंत रफूवालीला त्या दुहेरी जगाची थोडी सवयही झाली होती. खरं ते खालचं, हात लागतो ते. वरच्याकडे लक्ष द्यायचं नाही. पण ज्या बाईचं पोट कापडाकडे निरखून बघण्यावर चाललंय, तिने लक्ष द्यायचं नाही म्हणजे कसं?

समोरच्या घरात एक शिक्षिका राहायच्या. एका सकाळी त्या गच्चीत केस वाळवत उभ्या होत्या, अंगावर हिरवी शाल. दोन शिक्षिका, दोन शाली. आणि वरच्या शालीच्या काठाजवळ रफू होता. खालच्या शालीला नव्हता. रफूवालीने डोळे बारीक केले. अंतर होतं, पण अडतीस वर्षांची नजर होती ती. रफू तिच्याच हातचा होता, आणि तिने तो केलेला नव्हता.

तिने शिक्षिकाबाईंना हाक मारून सांगितलं, ती शाल काही दिवस वापरू नका, काठ विरलाय. त्या बिचाऱ्या ऐकणाऱ्या, त्यांनी शाल कपाटात ठेवून दिली. गुरुवारी संध्याकाळी शाल घेऊन दारात उभ्या. कपाटाच्या दाराला आतून खिळा आलेला, त्यात अडकून काठाजवळ फाटली होती. रफूवालीने रफू केला. शेवटचा टाका उलटा घातला. मग शाल उजेडात धरून एक डोळा मिटला, उघडला. वरची शाल आणि खालची शाल, दोन्ही अगदी सारख्या झाल्या होत्या. तिने शाल घडी घालून दिली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नंबर लागला. तिथली डॉक्टर तरुण होती, हळू बोलणारी. तिने खोलीत अंधार केला, रफूवालीच्या एका डोळ्यापुढे तांबडी काच धरली आणि समोर बारीक दिवा लावला. कसं दिसतं, ते सांगा म्हणाली. पांढरा दिवा खाली, तांबडा वर, उजवीकडे, थोडा तिरका. डॉक्टरने लिहून घेतलं. मग तिने मान वर न करता विचारलं, "आणि दोन्हींतलं सगळं अगदी सारखंच दिसतं ना?"

रफूवालीने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर लेक बसली होती. खरं सांगितलं तर फाइल आणखी एका वेगळ्याच डॉक्टरकडे जाणार, हे तिला ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली. "सारखंच."

डॉक्टरने चष्म्यात तिरकी काच घालून द्यायचं ठरवलं. दोन चित्रं त्याने एकावर एक येतील. चष्मा पुढच्या बुधवारी मिळेल, तोवर एका डोळ्यावर पट्टी लावा. डॉक्टर पुढे जे बोलली ते रफूवालीला मनापासून आवडलं. ती म्हणाली, हे का झालं ते मला सापडलेलं नाही, शोधत राहू, पण उगाच काहीतरी नाव सांगून तुम्हाला घरी पाठवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तोंड धुवायला पट्टी काढली आणि वळली. काचवाले दारात उभे होते. अंगात त्यांचा लाडका निळा शर्ट, कॉलर उघडी, केस नेहमीसारखे पिंजारलेले. आणि त्यांच्या जरा वर, स्वतःच्याच मागे पायरीवर उभे राहिल्यासारखे, दुसरे काचवाले.

दुसऱ्यांच्या शर्टावर डाव्या खिशाखाली दोन बोटं रुंद रफू होता. शेवटचा टाका उलटा. आणि रफूभोवती फिकट तपकिरी डाग. कपड्यातली बाई ती, तिला डाग कळतात. रक्त गरम पाण्यात धुतलं की असा डाग धरतो. पण तिला कळून चुकलं ते डागाने नाही. वरच्या काचवाल्यांची कॉलर गळ्यापर्यंत बटण लावून बंद होती. आणि केस चापूनचोपून विंचरलेले होते, भांग सरळ. या माणसाने जन्मात स्वतः असा भांग पाडला नव्हता. तो कुणीतरी पाडून दिला होता. निपचित पडलेल्या माणसाचा पाडतात तसा.

"काय गं, अशी काय बघतेयस?" खालचे काचवाले म्हणाले.

"काही नाही," ती म्हणाली आणि पट्टी लावून टाकली.

सोमवारी त्यांना जुन्या वाचनालयाच्या वरच्या खिडक्यांच्या काचा बदलायच्या होत्या. माणसाएवढ्या काचा. ती म्हणाली, हे काम सोडा. ते म्हणाले, शब्द दिलाय. ती म्हणाली, तुमचं वय झालं. ते म्हणाले, दोन दोन नवरे दिसतात तुला, त्यातला एक पाठवतो, एक घरी ठेव. एरवी ती हसली असती. त्या दिवशी तिला ते ऐकवेना, आत जाऊन भांडी आपटत बसली. शर्ट जाळून टाकावा असंही मनात आलं. पण शाल कपाटात ठेवून काय झालं होतं? खिळा कपाटातच निघाला होता. आज निळा शर्ट नाही तर उद्या दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने ते फाटणारच. रफू व्हायचाच होता. तिला बाकी काही नको होतं, फक्त तो रफू तिने या माणसाच्या पाठीमागे करायला नको होता.

आणि मग भांड्यांच्या खणखणाटातच तिला सुचलं. रफू व्हायचाच आहे ना? मग तो आधी करावा.

शुक्रवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. तिने निळा शर्ट टेबलावर पसरला आणि कात्री उचलली. अडतीस वर्षांत धड कापडाला तिने कधी कात्री लावली नव्हती. डाव्या खिशाखाली तिने दोन बोटं कापड कापलं, आणि तो कापडाचा बारीकसा आवाज तिला स्वतःच्या छातीत ऐकू आला. मग सुई बोटात खुपसली, चांगली खोल. रक्त त्या चिरेभोवती टिपलं. शर्ट गरम पाण्यात धुतला, वाळवला, आतल्या शिवणीतून धागे काढले आणि डोळ्यावरची पट्टी तशीच ठेवून रफू करायला बसली. बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होत होती. उजेड इतका स्वच्छ होता की घाबरायलाही जागा नव्हती, आणि तरी मानेमागे सारखं कुणीतरी वाकून टाके मोजतंय असं वाटत होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. शेवटचा टाका उलटा घातला.

रविवारी सकाळी तिने काचवाल्यांना खुर्चीत बसवलं आणि शर्ट पुढे केला. रफू पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, पण तिचा नूर बघून काही विचारलं नाही. तिने स्वतः बटणं लावली. गळ्याचं शेवटचं बटणही लावलं.

"गुदमरतोय मी... लग्न आहे का कुणाचं?"

"गप्प बसा जरा."

तिने कंगवा ओला केला आणि त्यांचे केस विंचरले. कानामागचे पांढरे केस, डोक्यावरची जुनी खोक. इतक्या वर्षांत ते डोकं तिने असं दोन्ही हातांत धरलं नव्हतं, कामांच्या रगाड्यात राहूनच गेलं होतं. काचवाल्यांनाही ते कळलं असावं. खांदे सैल पडले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"डोळे नका मिटू," ती पटकन म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "अहो... डोळे उघडा."

त्यांनी उघडले. तिने पट्टी काढली. दोन काचवाले होते. शर्ट सारखा, रफू सारखा, डाग सारखा, भांग सारखा. वरचे तिच्याकडे बघत होते. मग ते हळूहळू खाली आले, दमलेला माणूस खुर्चीत बसतो तसे, आणि खालच्यांमध्ये मिळून गेले. एका श्वासापुरता तिला एकच नवरा दिसला. पुढच्या क्षणी खुर्ची दोन, भिंत दोन, तेही परत दोन. पण तेवढा एक श्वास तिने पाहिला होता.

सोमवारी ते चार वाजता घरी आले. शिडी दाराशी ठेवली आणि पाणीही न मागता बसले. सगळ्यात वरची काच खाचेतून निसटली म्हणाले. छातीसमोरून गेली, बोटभर अंतरावरून. तिचा वारा लागला. खाली फरशीवर तिचा भुगा झाला. शर्टावर ओरखडादेखील नव्हता.

मग तिने त्यांना सगळं सांगितलं, शालीपासून कात्रीपर्यंत. तिला वाटलं होतं, हसतील. काचवाले हसले नाहीत. त्यांनी खिशाखालचा तो रफू चाचपला, मग तपकिरी डागावर अंगठा ठेवला.

"हे रक्त तुझं?"

तिने होकाराने मान हलवली. ते बराच वेळ त्या डागावरून अंगठा फिरवत राहिले.

बुधवारी चष्मा मिळाला. तिने तो घातला आणि जग एक झालं. जिन्याला एक कठडा, चहाला एक कप. लेक गळ्यात पडली. दर महिन्याला तपासणी, दर महिन्याला डॉक्टरचं तेच प्रामाणिक उत्तर, कारण सापडलेलं नाही. रफूवालीला त्याची आता फारशी खंत नव्हती. अंघोळीखेरीज तिने चष्मा कधी उतरवला नाही, आणि उतरवला की डोळे गच्च मिटून घ्यायची.

तीन महिने असे गेले. मग एका दुपारी तिच्या लक्षात आलं की काचवाले मान एका बाजूला कलती धरून वर्तमानपत्र वाचतायत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा ओतताना एक डोळा मिटला. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, कारण पाहिलं असं म्हटलं की ते खरं होणार होतं. तिसऱ्या दिवशी ते तिच्या कामाच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मला रफू शिकव," ते म्हणाले.

"तुम्हाला? काचा फोडायचं सोडून?"

या थट्टेला ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, सुई उचलली, दोरा ओवायला गेले आणि दोरा सुईच्या वर, हवेत गेला. पुन्हा केलं, पुन्हा हवेत. तिने त्यांचा हात धरला.

"किती दिवस झाले?"

"चार," ते म्हणाले.

तिने विचारलं, "काय दिसलं?"

"तुझ्या त्या करड्या स्वेटरवर. खांद्याखाली..." ते दोरा बोटाला गुंडाळत म्हणाले. "इतके घाणेरडे टाके गं. दोरा वर आलेला, गाठी पडलेल्या. म्हटलं, हे कुणी केलं? मग कळलं. माझ्याशिवाय इतकं वाईट कोण करणार, आणि माझ्याशिवाय तुला तो स्वेटर घालणार तरी कोण?"

रफूवाली उठली. कपाटातून करडा स्वेटर काढला, टेबलावर पसरला आणि कात्री त्यांच्या हातात दिली. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणा. पण नवऱ्याच्या हातातली ती कात्री बघून तिला आतून भरूनही आलं. कुठे, ते तुम्ही दाखवा, मला दिसत नाही, ती म्हणाली. त्यांनी बोट ठेवलं. कापलं. मग ती त्यांच्या शेजारी बसली आणि मावशीने आपल्याला जसं शिकवलं तसं शिकवत गेली. दोन सुया दिसतील, बोटाला टोचेल ती खरी. ओढू नका, विणीला गोळा येतो. काचवाल्यांची जीभ दातांत, कपाळावर घाम. बोट टोचून घ्यावं लागलं नाही, पाच वेळा आपोआप टोचलं. टाके खरोखरच भयंकर पडले. शेवटचा टाका त्यांनी न सांगताच उलटा घातला.

"झालं," असं म्हणून त्यांनी सुई टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. तिने स्वेटर अंगात घातला. त्यांनी तिच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, किती वेळ तरी पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. सारखं झालं, ते म्हणाले. दोन्ही सारखं झालं.

तेव्हा तिला धीर आला. आपणही एकदा बघावं, सगळं नीट आहे ना, खात्री करावी. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने उघड्या डोळ्यांनी चष्मा उतरवला.

टेबलं दोन झाली. खालचे काचवाले हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले होते. वरचे बसले नव्हते स्वस्थ. त्यांच्या हातात सुई होती, आणि त्यांचा हात आता छान चालत होता, सफाईने, वर्षानुवर्षांचा सराव असल्यासारखा. मांडीवर काहीतरी होतं, त्यावर वाकून ते रफू करत होते. तान्ह्या बाळाच्या अंगड्याची एक बाही होती ती. पिवळ्या लोकरीची, जेमतेम तिच्या करंगळीएवढी. घरात पिवळी लोकर कधी आलेली नव्हती. आणि खरी सुई टेबलावर पडून असताना दोरा कापडातून ओढल्याचा बारीक सर्र आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

दारावरची घंटा वाजली. तिने चष्मा घातला. लेक होती, कामावरून लवकर सुटून आलेली, जिना चढून धाप लागलेली, चेहरा लालबुंद. आई, बाबा, दोघंही बसा, मला काहीतरी सांगायचंय, असं म्हणत तिने खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीच्या तोंडातून लोकरीचा गुंडा बाहेर डोकावत होता. पिवळा.

काचवाल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते लेकीच्या चेहऱ्याकडे बघून हसत होते आणि एका हाताने टेबल आवरत होते.

"सुई ठेवू का गं डबीत?" त्यांनी विचारलं.

रफूवालीने लेकीचा घामेजलेला हात घट्ट धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "बाहेरच असू दे."